गौडी, रम आणि दोन नकार

मे १६७४. रायगडावर राज्याभिषेकाची गडबड चालली होती आणि गडाच्या पायथ्याशी, पाचाडला, ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुक्काम ठोकून वाट पाहत होता. शिवाजी महाराज प्रतापगडाच्या भवानीला गेले होते. ते परतल्याशिवाय इंग्रजांना वर जाता येणार नव्हतं. पुढे ही मंडळी गडावर गेली, ६ जूनचा सोहळा त्यांनी पाहिला, तहाची कलमं पदरात पाडून घेतली. त्या मुक्कामातला एक बारीकसा प्रसंग नोंदलेला आहे. त्यांना बोकडाचं मटण पुरवणारा म्हातारा खाटीक एवढा गड चढून वर आला. कशासाठी? आपली बाकीची गिऱ्हाइकं कित्येक वर्षांत खात नाहीत तेवढं मांस महिनाभरात फस्त करणारी ही माणसं दिसतात तरी कशी, हे त्याला डोळ्यांनी पाहायचं होतं.

हा प्रसंग जॉन फ्रायरच्या पुस्तकात आहे. फ्रायर कंपनीचा सर्जन. त्याचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्याच पुस्तकात गोव्याच्या नेरूळ गावाचाही उल्लेख येतो. तिथे उत्तम अरक गाळतात, असं तो सांगतो, आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून अंगातलं त्राण घालवणारं एक पेय करतात. त्या पेयाचं नाव पंच. नावाचा अर्थही फ्रायरने दिला आहे : पाच. पाच जिनसांचं म्हणून पंच. अरक, साखर, लिंबू, मसाला आणि पाणी.

आज जगभरच्या बारमध्ये जी मिश्र पेयं दिली जातात, त्यांच्या घराण्यातला हा आद्य पुरुष. तो हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून जहाजात बसला आणि पार कॅरिबियन बेटांवर जाऊन पोचला. तिथे ताडामाडाचा अरक नव्हता, पण उसाची दारू होती. अरकाच्या जागी रम आली आणि पाचाचं गणित तसंच राहिलं. बार्बाडोसला आजही एक भाग लिंबू, दोन भाग गोड, तीन भाग रम, चार भाग पाणी आणि वर किसलेलं जायफळ असं माप सांगतात. मार्टिनिकच्या लोकांचं रोजचं पेय ‘ती पंच’, म्हणजे छोटा पंच. आपला पाच हा आकडा तिथल्या ग्लासात अजून आहे. त्या बेटांवरचा ऊसही इकडूनच, इराण, अरबस्तान, भूमध्य समुद्र अशा मजला मारत गेलेला. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत तो पलीकडे नेला.

रमच्या जाती समजून घ्यायच्या तर आधी मळी समजून घ्यावी लागते. उसाचा रस उकळून साखरेचे दाणे बाजूला काढले की मागे उरतो तो काळा, दाट, उग्र वासाचा पाक म्हणजे मळी. गुऱ्हाळातली काकवी वेगळी. ती पोळीला लावून खातात. मळीतून कारखान्याने काढता येईल तेवढी साखर काढून घेतलेली असते. जगातली बहुतेक रम या उरल्यासुरल्यातून होते. जमैकात ती तांब्याच्या हंड्यात गाळतात. आधीच्या गाळपातलं आंबट पाणी जपून ठेवायचं आणि नव्या आंबवणात ओतायचं, अशी तिथली जुनी रीत आहे. आपण विरजण राखतो त्यातलाच प्रकार. त्यातून काळ्या पडू लागलेल्या केळ्याचा, अननसाचा दरवळ येतो, इतका की थोडीशी रम सगळ्या मिश्रणाला पुरते. क्युबाने उलट वाट धरली. १८६२ मध्ये सांतियागो गावात फाकुंदो बाकार्दीने हलकी रम काढली, कोळशातून गाळून घेतलेली, लिंबू-पुदिन्याच्या आड सहज लपणारी. मोहितो आणि डायकिरी ही या हलकेपणाची अपत्यं. गयानामध्ये डेमेरारा नदीच्या काठी अजून लाकडी भट्ट्या चालतात; तिथली रम जड, काळपट, पिंपात वर्षानुवर्षं मुरवून जेवणानंतर घोट घोट घ्यायची. आणि मार्टिनिकला बहुतेक रमसाठी मळीला हातच लावत नाहीत. ताज्या उसाचा रस आंबवून गाळायचा, त्यात ऊस अगदी हिरवा लागतो. फ्रान्सने १९९६ मध्ये या रमला मूळ स्थानाचं कायदेशीर नाव दिलं.

ताजा रस की शिजवलेला, ही निवड आधुनिक गाळपवाल्यांची आहे असं वाटेल. पण चरकाने उसाच्या मद्याचे, शीधूचे, दोन प्रकार सांगून ठेवले आहेत : पक्वरस आणि शीतरस. एक रस उकळून केलेला, दुसरा कच्च्याचा. गुळापासून केलेल्या गौडाला आयुर्वेद दीपन म्हणतो, म्हणजे जठराग्नी पेटवणारं. नवं मद्य जड आणि दोष वाढवणारं, जुनं झालेलं हलकं, हेही त्याच शास्त्राचं मत. जेवणानंतर मुरलेल्या रमचा लहानसा पेला घेण्याची युरोपीय रीत अशाच समजुतीवर उभी आहे. रायगडाभोवतीचा महाड-पोलादपूर हा भात-नाचणीचा मुलूख, ऊस घाटावरचा. पण इथल्या डोंगरउतारांवर थंडी सरताना धायटीला लालभडक फुलं येतात, आणि वैद्यांचे आसव-अरिष्ट आंबवायला गुळाबरोबर तीच फुलं लागतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं एक सबंध प्रकरण आहे. त्यात मैरेयाची कृती दिली आहे : मेषशृंगीच्या सालीचा काढा, त्यात गूळ, मिरी, पिंपळी. मसालेदार रम म्हणून हल्ली जे विकलं जातं, त्याच्याशी या कृतीचं नातं उघड आहे.

इथे एक भेद मात्र सांभाळायला हवा. गौडी, शीधू, मैरेय ही आंबवलेली पेयं. त्यांतला मद्यार्क आजच्या ४२ टक्क्यांच्या रमच्या मानाने बराच कमी. प्राचीन ग्रंथांतली परवानगी किंवा बंदी उचलून आजच्या बाटलीवर जशीच्या तशी डकवता येत नाही. ग्रंथांनी नाही म्हणताना कारण काय दिलं, हे पाहणं जास्त उपयोगाचं आहे.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सुरेचे तीन प्रकार मोजले आहेत : गौडी गुळाची, पैष्टी पिठाची, माध्वी मधाची किंवा मोहाची. पुढे लगेच म्हटलं आहे की जशी एक तशा सगळ्या. पदार्थाचा भेद तिथे संपतो आणि माणसांचा भेद सुरू होतो. सुरा हा अन्नाचा मळ, म्हणून ब्राह्मण, क्षत्रिय आणि वैश्य यांनी ती पिऊ नये. मळ हा शब्द इथे महत्त्वाचा. मराठीत मळी म्हणताना आपण त्या कल्पनेच्या किती जवळून जातो! जे उरलं ते मळ, मळ शिवला तर विटाळ, आणि विटाळाची भीती त्यालाच ज्याच्याकडे जन्माने मिळालेलं पावित्र्य आहे. द्विजाने मोहाने सुरा प्यायली तर तीच सुरा तापवून आगीसारखी लाल झाल्यावर प्यावी, असं प्रायश्चित्त आहे. शिक्षा भयंकर. पण जो द्विज नाही तो प्यायला, त्याचं लिव्हर सडलं, बायको रस्त्यावर आली, तर या ग्रंथाला त्याचं काही सोयरसुतक नाही. हा नकार माणसाला वाचवण्यासाठी नव्हता, दर्जा वाचवण्यासाठी होता. दारू गाळणारे कलाल, माडी काढणारे भंडारी यांना उतरंडीवर कुठे बसवलं गेलं, हे त्याच हिशोबाचं दुसरं पान.

पाचाडपासून महाड पंचवीसेक किलोमीटर. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडच्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे होते गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, जन्माने ब्राह्मण. परिषदेसाठी जागा दिली होती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. तिथे जळालं ते जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारं शास्त्र. मद्याचा प्रश्न त्या दिवशी कुणाच्या मनातही नसेल. तरी गौडी-पैष्टी-माध्वीची ती यादी आणि तिच्याभोवतीचं पावित्र्याचं कुंपण त्या ज्वाळांतच होतं.

मग मद्याला मोकळीक मिळाली का? नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा देताना लाखोंना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ज्याने एक नकार जाळला त्यानेच दुसरा नकार दिला. वरवर दोन्ही सारखे दिसतात, म्हणूनच त्यांच्यातला फरक नीट पाहिला पाहिजे.

पंचशीलातल्या पाचव्या शीलात सुरा आणि मेरय अशी दोन नावं येतात. मेरय म्हणजे मैरेयच. विनयपिटकात मेरयाचे प्रकार दिले आहेत, तेही पाच : फुलाचं, फळाचं, मधाचं, गुळाचं आणि इतर जिनसा मिसळून केलेलं. गुळाची दारू चौथी, मिश्र पेय पाचवं. पळवाट उरत नाही. पण शीलात बंदीसाठी दिलेला शब्द मळ नाही, प्रमाद आहे. गाफीलपणा. ज्याने जागेपण सुटतं ते ठिकाण.

त्या नियमामागची गोष्ट मोठी हृद्य आहे. सागत नावाचा भिक्खू. अंबतित्थ इथे एका भयंकर नागाला त्याने आपल्या सामर्थ्याने नमवलं. कीर्ती पसरली, कौशांबीच्या लोकांना वाटलं की या थोर माणसाला काहीतरी दुर्मीळ द्यावं. त्यांनी घरोघर पारव्याच्या रंगाचं नितळ मद्य तयार ठेवलं. सागत भिक्षेला निघाला, प्रत्येक दारात थोडं थोडं प्यायला आणि नगराच्या वेशीत कोसळला. भिक्खूंनी त्याला उचलून विहारात आणलं, बुद्धाकडे डोकं करून निजवलं. तो वळला आणि पाय बुद्धाकडे करून झोपला. बुद्धाने भिक्खूंना विचारलं : या सागताने नागाला हरवलं ना? हो. आणि आता? आता तो पाणसापाशी तरी लढू शकेल का? नाही. तेव्हापासून भिक्खूला गवताच्या पात्याच्या टोकावर मावेल एवढंही मद्य वर्ज्य झालं.

सागत विटाळला असं या गोष्टीत कुणी म्हणत नाही. कुणी त्याला बाटलेला ठरवत नाही, उकळतं काही पाजत नाही. त्याच्याजवळ जे बळ होतं ते त्याच्यापासून गेलं, एवढंच दुःख आहे. आणि देणाऱ्यांनी ते प्रेमाने दिलं होतं, ही त्यातली सगळ्यात बोचणारी बाजू. मनूचा नकार पेयाकडे आणि पिणाऱ्याच्या जातीकडे बघतो. हा नकार पिणाऱ्याच्या डोळ्यांत बघतो. म्हणूनच तो सगळ्यांना सारखा लागू होतो, राजालाही आणि महाडच्या तळ्यावर ज्याला पाणी नाकारलं गेलं त्यालाही.

या दोहोंच्या मध्ये तिसरी एक वाट आहे, मापाची. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी नियम लिहिले. संन्याशाने मद्य घेऊच नये हे खरं, पण आजच्या संन्याशांना ते पटवता येत नाही, म्हणून दिवसाला एक ‘हेमिना’, अंदाजे पाव लिटर द्राक्षमद्य पुरे, असा त्याचा तोडगा होता. त्या संन्याशांच्या जीवनाने भारावून वेद रतन मोहन यांनी आपल्या रमचं नाव ‘ओल्ड मंक’ ठेवलं, असं सांगतात. १९५४ मध्ये बाजारात आलेली, सात वर्षं पिंपात मुरवलेली ही रम पुढे लष्कराच्या कँटीनमधून घरोघर पोचली. रायगड-साताऱ्याकडे सुट्टीवर आलेला फौजी म्हटलं की ती बाटली आठवणार नाही असा माणूस विरळा. ब्रिटिश आरमारानेही खलाशांना रोजचं रमचं माप दिलं, ते ३१ जुलै १९७० पर्यंत. चरकाचं म्हणणंही मापाचंच आहे : विधीने घेतलं तर अमृतासमान, नाहीतर विष, आणि मदाच्या शेवटच्या अवस्थेत माणूस मोडून पडलेल्या लाकडासारखा. मापाच्या वाटेबद्दल आदर ठेवूनही म्हणावंसं वाटतं की माप मोजणाराच आधी धुंद होतो, ही तिची जुनी अडचण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तर सुरक्षित असं मापच नाही, असं सांगून टाकलं.

मुरवण्याच्या विद्येत एक सुंदर कल्पना आहे. लाकडी पिंपातून दरवर्षी थोडी दारू हवेत उडून जाते. गाळणारे तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. थंड स्कॉटलंडमध्ये हा वाटा दोनेक टक्के, उष्ण मुलखात त्याच्या कितीतरी पट. कोकणातल्या राखणदाराला, आदिवासींच्या वाडीवरच्या देवाला हा वाटा न मागता हवेतून मिळत नाही. तो हाताने द्यावा लागतो. कोंबड्याबरोबर पहिल्या धारेचे चार थेंब जमिनीवर सांडल्याशिवाय कुणी तोंड लावत नाही. आपण घेण्याआधी कुणाला तरी द्यायचं, ही यातली जाण खोटी म्हणता येणार नाही. मद्य तिथे विटाळ नसतं, ऋण असतं.

पण या सगळ्या चर्चेत पिणाऱ्याचा विचार होतो; ऊस तोडणाऱ्याचा कुठे होतो? बुद्धाने उपासकांना पाच व्यापार वर्ज्य सांगितले : शस्त्रांचा, माणसांचा, मांसाचा, मद्याचा, विषाचा. माणसांचा आणि मद्याचा व्यापार एकाच यादीत का, याचं उत्तर रमच्या इतिहासात जितकं स्पष्ट मिळतं तितकं क्वचितच कुठे मिळेल. अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या भट्ट्यांमधून निघालेली रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जायची, तिच्या बदल्यात माणसं घेतली जायची, ती माणसं कॅरिबियनच्या उसात राबायची, त्या उसाची मळी परत न्यूपोर्टला यायची. १८३० च्या दशकात ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी उठली, तेव्हा मळेवाल्यांनी गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, आणले. मॉरिशसच्या उसात मुंबई बंदरातून गेलेले कोकणी हात होते. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात आणि झाकरी नाचतात. महाड-पोलादपूरला गौरी-गणपतीत जी जाखडी रंगते, तिचीच ती बहीण.

आणि आपल्याकडे? बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची सरकारी समितीने २०१९ मध्ये पाहणी केली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीचा खाडा परवडत नाही, हे त्याचं एक कारण. त्याच उसाची साखर चहात येते आणि त्याच उसाची मळी आसवनीत जाते. देशी बाटलीत काय आणि महागड्या मुरलेल्या बाटलीत काय, हा हिशोब सारखाच उतरलेला असतो. गौडी, पैष्टी, माध्वी अशी बारकाईने जात लावणाऱ्या एकाही ग्रंथाला ऊस तोडणाऱ्या हाताची दखल घ्यावीशी वाटली नाही, हे मनाला लागतं.

सरकारचा नकार हा आणखी वेगळा. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होतं. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्या-विकण्यावरच निर्बंध घातले. कातकऱ्याने रानातून वेचलेलं फूल गुन्ह्याची वस्तू झालं, कारण सरकारला ठेक्याच्या दारूचा महसूल हवा होता. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८८० मध्येच नगरपालिकेला पत्र लिहून वाढत्या गुत्त्यांना विरोध केला होता. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही, नाव बदलून, महाराष्ट्रात जिवंत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बलसारा खटल्यात तो बहुतांशी उचलून धरला, औषधी मद्यार्कापुरता सैल केला. आजही दारू प्यायला परवाना लागतो : एका दिवसाचा देशीसाठी दोन रुपये, विदेशीसाठी पाच, जन्माचा एक हजार. त्यावर कारण छापलेलं असतं, आरोग्याचं जतन. चरकाचं दीपन इथे सरकारी फॉर्मवर येऊन बसलं आहे.

प्रमादाच्या विचाराला आजच्या महाराष्ट्रात सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट एका मतपत्रिकेवर दिसते. गावातल्या महिला मतदारांपैकी पंचवीस टक्के जणींनी मागणी केली की दारूचं दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येतं. कागदावर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली, एक आडवी. इथे पिणाऱ्याच्या पावित्र्याचा प्रश्न नाही, महसुलाचाही नाही. ज्या बाईने वेशीत कोसळलेल्या आपल्या घरच्या सागताला खांदा देऊन घरी आणलं, तिला विचारलं जातं. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. जी आली नाही तिचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात पडतं. दिवाळी झाली की रायगडच्या कातकरी वाड्या रिकाम्या होतात, माणसं वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला घाटावर जातात, आणि बीडच्या बाया उसाच्या फडात. मतदानाची तारीख त्या दिवसांत आली, तर त्यांची नावं यादीत तशीच राहतात, शिक्क्यावाचून.